बाबांची घडी, आईची मूठ: बारशानंतरची सत्तावीस कार्डं

बारशाला आलेल्यांना हाताने केलेली कार्डं पाठवायची, असं मी जेवताना म्हटलं, तेव्हा बाबांनी ताटातून मान वर न काढता विचारलं, “आत्याला आभार लिहिणार? ती काय सभेला आली होती?”

मुद्दा बरोबर होता. आपल्याकडे आभार मानतात ते कार्यक्रमाच्या शेवटी, माईकवरून, लोक चपला शोधत असताना. घरच्या माणसाला ‘आभारी आहे’ म्हटलं की ते नाराजच होतं. आईचं म्हणणं आणखी सरळ: आहेर वहीत लिहून ठेवायचा, त्यांच्याकडे कार्य निघालं की फेडायचा, संपलं. मी म्हटलं, बरं, आभार हा शब्दच नको. नुसतं कळवू, की तुम्ही दिलेली वस्तू आमच्याकडे कशी नांदतेय. यावर बाबा म्हणाले, “मग कागदाचं मी बघतो.”

बाबांनी सांगलीत पस्तीस वर्षं बाइंडिंगचं काम केलं. दुकान बंद झालं तरी हाडाची पट्टी, लोखंडी मोजपट्टी आणि दोन सुऱ्या अजून त्यांच्या कपाटात आहेत. मी बाळंतपणाला माहेरी आलेली. मुलगी तीन महिन्यांची. तिला आम्ही ठमाबाई म्हणतो, खरं नाव बारशाला ठेवलंय ते कार्डावर आहे. मालिश-अंघोळ झाली की ठमाबाई साधारण अकरा ते साडेबारा झोपतात. ही सगळी कार्डं त्या दीड तासात, आठ दिवसांत झाली. तुम्हालाही करायची असतील तर आमच्या चुकांसकट सांगते.

आधी वही, मग कागद

सगळे रंग आणि कागदापासून सुरुवात करतात. तसं करू नका. आधी आहेराची वही घेऊन आईजवळ, सासूबाईंजवळ, ज्यांना गोतावळा पाठ आहे त्यांच्याजवळ बसा. वहीत नाव आणि वस्तू असतेच. त्यापुढे आणखी दोन रकाने आखा. एकात लिहा ‘वस्तू आता कुठे आहे’ आणि दुसऱ्यात ‘त्यात काही विशेष’. आमच्या वहीत नुसतं ‘मोठी मावशी – कुंची १’ असं होतं. आई म्हणाली, “एक काय? ती आजीच्या इरकली लुगड्याच्या पदराची आहे. तुझ्या बारशालाही ह्याच लुगड्याची कुंची होती, काठ तिकडे संपला म्हणून हिला आतलं कापड लावलंय.” मी ती कुंची दीड महिना ठमाबाईंना घालत होते आणि मला हे माहीत नव्हतं. हा रकाना भरायला आम्हाला दोन दिवस लागले. कार्डाचा सगळा जीव त्यातच आहे.

वहीत घोळही सापडतात. आमच्याकडे अगदी सारखी दोन पिवळी दुपटी आली होती आणि दोन्हींवरच्या चिठ्ठ्या गळून पडलेल्या. एक कोणाचं ते आईला आठवलं. दुसऱ्याचं तिने ठामपणे सांगितलं. (त्याची हकीकत शेवटी.) बारसं अजून व्हायचं असेल तर आताच एका माणसाला वही देऊन दारापाशी बसवा. पाकीट हातात आलं की त्याच्यावर पेनाने नाव, वस्तू आली की खोक्यावर आकडा आणि वहीत तोच आकडा. नंतर करू म्हटलं की होत नाही.

नाव माणशी नव्हे, घरटी धरा. आमची सत्तावीस घरं झाली.

कागद आणि त्याची चाल

स्टेशनरीच्या दुकानात २२ × २८ इंची कार्डशीट मिळतं. गुळगुळीत, चकचकीत घेऊ नका, त्यावर रंग धरत नाही. आयव्हरी रंगाचं, बोटाला जरा खरखरीत लागेल असं घ्या. जाडी ग्रॅममध्ये सांगतात, म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं वजन. मी उत्साहाने ३०० चं मागितलं, ते चुकलं, ते टपालाच्या वेळी कळलं. २५० चं घ्या.

आता बाबांचा लाडका विषय. कागदाला चाल असते, हा त्यांचा शब्द. कागद तयार होताना त्यातले तंतू बहुतेक एकाच दिशेने झोपतात. त्या दिशेला समांतर घडी घातली तर धारदार बसते, आडवी घातली तर घडीच्या कडेवर कागद फाटल्यासारखा फुटतो, विशेषतः जाड शीट. चाल ओळखायला शीट टेबलावर ठेवा, एक कड उचलून न मोडता पलीकडे वाकवा आणि तळव्याने हलकं दाबा. मग शेजारच्या कडेने तेच करा. ज्या बाजूने कागद कुरकुर न करता वाकतो, घडी त्या बाजूने. हाताला फरक लगेच कळतो. मी तीस वर्षं ह्या माणसाच्या घरात राहून हे पहिल्यांदा करून बघितलं.

आमच्या शीटची चाल लांब बाजूने होती. म्हणून २२ इंचाचे दोन भाग आणि २८ इंचाचे चार. म्हणजे ११ × ७ चा तुकडा, मधोमध घडी घातली की साडेपाच बाय सातचं कार्ड. एका शीटमध्ये आठ, आणि कातरण शून्य. तुमच्या शीटची चाल आखूड बाजूने निघाली तर उलट करा: २२ चे चार, २८ चे दोन. कार्ड तेवढंच होतं, फक्त घडी वर येते आणि ते कॅलेंडरसारखं उघडतं. बाबांना मापं सांगावी लागत नाहीत, ते अर्ध्याचं अर्धं करत जातात. तुम्ही मात्र पेन्सिलीने खुणा करा.

कापताना खाली जुना पुठ्ठा, वर लोखंडी पट्टी, आणि सुरी तीनदा हलकी फिरवायची. एकदाच जोर लावून कापायला गेलं की पट्टी सरकते आणि तिसरं बोट मधे येतं. माझं आलं.

घडी घालण्याआधी क्रीज मारायची असते. मी आतापर्यंत नेहमी चुकीच्या बाजूने मारत आले होते. मला वाटायचं, जिकडे घडी घालायची तिकडेच, म्हणजे आतल्या बाजूला, रेघ दाबायची. बाबा म्हणाले, नाही, कार्डाच्या बाहेरच्या बाजूला. पट्टी लावून संपलेल्या रिफिलीच्या टोकाने बाहेरून खोल रेघ ओढा. आत बारीकसा उंचवटा येतो. आता रेघेपासून लांब घडी घाला, म्हणजे खाच बाहेर आणि उंचवटा पोटात. तंतू बाहेरून ताणून तुटत नाहीत. रद्दी लग्नपत्रिकेवर दोन्ही प्रकारे करून बघा, पटेल.

घडी दाबायला बाबांची हाडाची पट्टी आहे. ती नसेल तर स्टीलच्या चमच्याची पाठ चालते, पण मधे साधा कागद ठेवून. सरळ घासलं तर घडीवर चकाकी येते आणि ती जात नाही.

मात्र घडी आता घालू नका. क्रीज मारून कार्डं सपाटच ठेवा. आधी छपाई.

पायाचा ठसा, पाय न भरवता

माझ्या डोक्यात ठमाबाईंच्या पावलाचा ठसा होता. स्टॅम्पपॅडची शाई तिच्या पायाला लावायला आईने साफ नकार दिला. मी हळद कालवली. पहिल्याच ठशाला तिने पाय आखडला, पाचही बोटं मुठीसारखी मिटली, आणि कागदावर जे उमटलं ते बटाटा वाटत होतं. मग तोच पाय तोंडाकडे गेला. शिवाय हळदीचा रंग उन्हात राहत नाही. खिडकीजवळ ठेवलेला तो बटाटा चार दिवसांत फिका पडला.

आई हे सगळं दारातून बघत होती. ती आत आली, हाताची मूठ वळली, करंगळीकडची बाजू हळदीत टेकवून कागदावर उमटवली आणि वर बोटाच्या टोकाने पाच टिंबं दिली. गौरीचं पाऊल! दर भाद्रपदात उंबऱ्यापासून देव्हाऱ्यापर्यंत ती हेच करते, आणि मला सुचलं नव्हतं. मोठ्या माणसाच्या मुठीची कड बाळाच्या पावलाएवढीच भरते. आम्ही ठमाबाईंचा पाय शेजारी धरून पाहिला, अर्ध्या बोटाचा फरक.

तर रंग असा. गेरूची पूड, रांगोळीवाल्याकडे मिळते ती, दोन चमचे. बारीक वस्त्रगाळ करून घ्या, नाहीतर ठशात खडे उमटतात. ती धरून ठेवायला डिंकाचं पाणी. घरात बाळंतीण म्हटल्यावर डिंक होताच, पण लाडवांसाठी आणलेला धावड्याचा डिंक रात्रभर भिजवूनही पुरता विरघळला नाही, फुगून बसला. आम्ही तो फडक्यातून गाळून वापरला. बाभळीचा डिंक मिळाला तर सरळ विरघळतो. एक चमचा दाट डिंकपाणी आणि थेंब थेंब साधं पाणी. ताकाहून दाट आणि श्रीखंडाहून पातळ झालं की थांबा. रद्दीवर एक ठसा काढून वाळू द्या आणि बोट फिरवा. बोटाला गेरू लागला तर डिंक कमी आहे. ठसा चकाकला आणि कागद वाकवल्यावर तडकला तर डिंक जास्त झालाय. आम्हाला तिसऱ्या वाटीला जमलं. एवढी खटपट नको असेल तर पोस्टर कलरची बाटली घ्या. पण गेरूचा जो मातकट तांबडा रंग आयव्हरीवर उठतो, तो बाटलीत नाही.

ठसा काढताना रंगात मूठ बुचकळायची नाही. ताटलीत फडक्याची घडी ठेवा, त्यावर रंग ओता आणि त्या फडक्यावर मूठ टेकवा. कागदावर टेकवताना आधी मनगटाकडची बाजू, मग पुढे झुकत करंगळी, आणि सरळ वर उचला. हलवलं की टाच फराटते. दोन्ही हातांच्या मुठींनी जोडी करा, अंगठे एकमेकांकडे येतील असे. अंगठ्याला आपल्या अंगठ्याचं टोक, बाकीच्या बोटांना तर्जनी, आणि करंगळीला करंगळीच. ही बोटं ओळीने सरळ देऊ नका, किंचित कमानीत द्या. पहिल्या आठ कार्डांत माझी बोटं एका रेघेत आहेत, ती पावलं कंगव्यासारखी दिसतात. पुढची सगळी आईने काढली.

आणि तिची एक अट होती. गौरीची पावलं बाहेरून आत येणारी काढतात. म्हणजे पावलं ज्यांच्या घरी जातायत त्यांच्या घरात शिरली पाहिजेत. कार्डावर बोटं वरच्या बाजूला, आणि पाकिटात घालताना बोटं पाकिटाच्या तोंडाकडे. कार्ड ओढून काढलं की पाऊल पुढे, टाच मागे. मी हसले, पण सत्तावीसही पाकिटं तशीच भरली.

पंखा बंद करून सावलीत वाळू द्या. पंख्याने कडा आधी वाळतात आणि कार्ड ताटलीसारखं वळतं. दोन तासांनी, हाताला ओल लागत नाही याची खात्री करून, साध्या कोऱ्या कागदांच्या मधे घालून वर पाट आणि पाटावर वरवंटा, रात्रभर. वर्तमानपत्राच्या मधे घालू नका. एका कार्डाच्या पाठीवर त्या दिवशीचे सोन्याचे भाव आले. सकाळी घडी घालायची.

टिकल्या, मोती, चमकी काही लावू नका. एक तर घरात रांगतं होऊ घातलेलं मूल आहे, आणि दुसरं म्हणजे पोस्टात तारखेचा शिक्का हाताने आपटतात.

आत काय लिहायचं

बाळाच्या तोंडी लिहायचा मोह होतो: ‘मी छोटीशी परी, तुमच्या झबल्यात दिसते भारी’ वगैरे. एका कार्डाला गोड वाटतं. दुसऱ्याला लिहिताना आपलीच आपल्याला लाज वाटते. मी माझ्याच नावाने लिहिलं.

मायना बाबांनी घालायला लावला आणि त्यामुळे कार्डाला एकदम वजन आलं. मोठ्यांना ‘ती.’ आणि ‘सा. न. वि. वि.’, धाकट्यांना ‘अ. उ. आ.’. सातवीतल्या भाच्याने फोन करून विचारलं, मावशी, हे अ. उ. आ. म्हणजे कुठला कोड आहे? अनेक उत्तम आशीर्वाद, असं सांगितल्यावर त्याला फार भारी वाटलं. हल्ली त्याच्या मेसेजच्या शेवटी तेच असतं.

मजकूर तीन-चार वाक्यांचा. वस्तूचं नाव, ती कशी वापरली जाते, आणि वहीच्या शेवटच्या रकान्यातलं काहीतरी. उदाहरणार्थ मावशीला:

‘ती. मावशीस, सा. न. वि. वि. कुंची रोज दिवेलागणीला डोक्यावर चढते. तिची नाडी मात्र दिवसभर कोणाच्या तरी तोंडात असते. आजीच्या लुगड्याचं आतलं कापड हिच्या वाट्याला आलं हे आईकडून कळलं. कापड उरलं असेल तर जपून ठेव, धाकट्याच्या वेळी लागेल. लोभ आहेच, तो वाढावा.’

पाकिटातून रोख रक्कम आली असेल तर आकडा लिहू नका. वहीत तो आहे, तेवढं पुरे. त्या पैशांचं काय झालं ते लिहा. काकांच्या पैशांतून आम्ही झोळीचं नवं कापड आणि आढ्याला लावायचा जाड हूक घेतला. काकांना कार्डात हुकाविषयीच लिहिलं. ते पूर्वी कारखान्यात फिटर होते. त्यांनी फोन करून हूक किती सूत जाड आहे ते विचारलं, आणि पुढच्या रविवारी स्वतः येऊन तपासून गेले.

आणि जी वस्तू वापरलीच नाही? वाळे घट्ट झाले, चार नंबरचं झबलं एका पावसात लहान झालं. खोटं लिहू नका, समोरचं माणूस घरी येतं तेव्हा कळतं. ‘वाळे आत्ताच दाटतायत, इतकी गुटगुटीत झाली आहे’ हे वाचून कोणाला वाईट वाटत नाही.

अक्षर मोठं काढा. आजोळच्या दोन आज्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन व्हायचंय, त्यांना मी जाड टोकाच्या काळ्या पेनाने, ओळीत पाचच शब्द बसतील असं लिहिलं. फिकट राखाडी, सोनेरी पेनं नाजूक दिसतात आणि संध्याकाळच्या उजेडात वाचता येत नाहीत.

पाकीट आणि खळ

तयार पाकिटं ह्या मापाची मिळाली नाहीत. एखादं जुनं पाकीट हळूच उकलून पसरा, त्यावरून पुठ्ठ्याचा साचा कापा, कार्डापेक्षा चारी बाजूंनी पाव इंच मोठा. कागद म्हणजे वह्यांना कव्हर घालायचा खाकी कागद.

चिकटवायला खळ. एक चमचा मैदा, सहा चमचे पाणी, आधी थंड पाण्यात गुठळ्या मोडून मग मंद आचेवर ढवळत राहायचं, पांढरेपणा जाऊन काचेसारखी झाली की उतरवायची. दुकानात बाबा त्यात किडीसाठी चिमूटभर मोरचूद घालत. ते विष आहे. बाळाच्या घरात मी ते येऊ दिलं नाही, थोडा वाद झाला. बिनमोरचुदाची खळ दोन दिवसांत आंबते, फ्रिजमध्ये तीन-चार दिवस राहते, म्हणून थोडी थोडी करा. लावताना बोटाने अगदी पातळ पसरायची. बाबांचं माप: खळ दिसली म्हणजे जास्त झाली.

पाकिटाला आतून अस्तर म्हणून जुन्या लग्नपत्रिका वापरता येतात, प्रत्येक घरात गठ्ठा असतोच. गणपतीचं चित्र आधी कापून बाजूला ठेवा, पाकीट शेवटी केरातच जातं. अस्तर फक्त हाताने द्यायच्या कार्डांना लावा. का, ते पुढे.

टपाल

साध्या पत्राला वजनाचा पहिला टप्पा २० ग्रॅमचा असतो. ३०० ग्रॅमच्या शीटचं आमचं कार्ड पंधरा ग्रॅमचं, पाकीट साडेपाच-सहाचं. खिडकीतल्या बाईंनी काट्यावर ठेवलं, २१. पुढच्या टप्प्याचं तिकीट. म्हणून पहिल्या शीटची आठ कार्डं, ती कंगव्याच्या पावलांचीच, गावातल्या गावात हाताने दिली. बाकीच्या तीन शीटना २५० चा कागद आणला, ती रंगासकट १९ च्या आत बसली. एक कार्ड पूर्ण करून, पाकिटात घालून, पोस्टात वजन करून घ्या आणि मगच बाकीचा कागद कापा. मी हे उलट केलं.

पत्ता लिहिताना पिनकोड लिहायचाच. ही पद्धत १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाली. बाबांच्या जुन्या डायरीतले निम्मे पत्ते मात्र अजून ‘मु. पो.’ आणि ‘मारुतीच्या देवळामागे’ एवढ्यावरच थांबलेले. ते सगळे फोन करून विचारावे लागले. फोन केला की कशाला हवा ते सांगावं लागतं आणि मग कार्डाची गंमत जाते. आईने ‘पत्रिका पाठवायची आहे’ असं सांगून वेळ मारून नेली. आता तीन घरांतून विचारणा आहे, कोणाचं लग्न ठरलं म्हणून. पाठवणाऱ्याचा पत्ता मागे लिहा. सांगलीचा ४१६४१६ असल्याने तेवढं काम सोपं होतं.

चार शीटमधून बत्तीस कार्डं निघाली. तीन वाया गेली: एक सोन्याच्या भावाचं, एक माझ्या कापलेल्या बोटाचं, एकावर ठमाबाई ओकल्या. सत्तावीस रवाना झाली, दोन शिल्लक राहिली.

काल मिरजेहून फोन आला. आमच्याकडून गेलेलं कार्ड फार आवडलं, पावलं फारच सुंदर, सुनेने फ्रिजवर लावलंय. “फक्त एक विचारू का? आम्ही दुपटं नव्हतं गं दिलं. आम्ही बाळाच्या अंघोळीचा टब दिला होता.”

आई म्हणते, तिला तेव्हाच शंका आली होती. बाबा म्हणतात, टबाचं वेगळं कार्ड पाठव, आणि ह्या खेपेला टबात काय काय चालतं ते लिही. शिल्लक दोनांतलं एक त्यांना. दुसऱ्यासाठी, पिवळं दुपटं नक्की कोणाचं, ते आई सकाळपासून आठवतेय.